रंगांचं दुकान, कोरा कागद आणि डहाणूची भिंत

मंडळी, सौंदर्यशास्त्रावर बोलायला उभं राहिलं की आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची एक खोड असते. आम्ही लगेच कांटपाशी जातो, तिथून मर्ढेकरांपाशी येतो, आणि तासाभराच्या बोलण्यात चित्र असं एकही येत नाही. आज आपण उलट्या बाजूनं जाऊ. दुकानापासून सुरुवात करू. रंगांच्या दुकानापासून.

आता डहाणू रोडसारख्या गावात नुसतं रंगांचं दुकान असतं कुठे? असतं ते स्टेशनरीचं दुकान. वह्या, कव्हरं, झेरॉक्स, शाळेच्या प्रकल्पांचं थर्माकोल, गणपतीच्या दिवसांत मखराचं सामान, दिवाळीत रांगोळी. यातच मागच्या फळीवर ब्रश, रंगांच्या पेट्या, ड्रॉइंग पेपरच्या गुंडाळ्या. आम्ही याच दुकानाबद्दल बोलणार आहोत. कारण मुंबईतली कलासाहित्याची मोठी दुकानं सव्वाशे किलोमीटरवर. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली तरी एका कागदासाठी दिवस मोडून कोण जाईल? तेव्हा या भागातल्या मुलाला जलरंग म्हणजे काय हे जे कळतं ते या मागच्या फळीवरून कळतं. आणि अलीकडे अशा दुकानांच्या आधारानं शिबिरं होतात, रविवारची प्रात्यक्षिकं होतात, स्पर्धा होतात. दुकानदार सतरंजी घालतो, एखादे चित्रकार येतात, मुलं जमतात. हा प्रकार चांगला की वाईट, एवढंच विचारायचं नाही. त्यातून जलरंगाचं काय होतं, हे आज विचारायचं आहे.

रा. भा. पाटणकरांनी 1974 सालच्या ‘सौंदर्यमीमांसे’त दोन ध्रुव मांडले. एक अलौकिकतावादी, दुसरा लौकिकतावादी. एका टोकाला कला म्हणजे व्यवहारापासून सुटलेली, स्वतःचे नियम असलेली वस्तू. दुसऱ्या टोकाला कला म्हणजे आपल्याच जगण्याचा, ज्ञानाचा, नीतीचा भाग. पाटणकरांचं म्हणणं असं की सौंदर्याची संकल्पना या दोन्ही ध्रुवांमध्ये ताणलेली असते, एकाची निवड करून मोकळं होता येत नाही. आम्हाला वाटतं, हा ताण बघायला ग्रंथच कशाला हवा, रंगांचं दुकान पुरे. तिथे बिलही फाडलं जातं आणि एखादं पोर निळ्या वडीकडे दहा मिनिटं बघत उभंही राहतं. दुकानदार ओरडतो, ‘घेणार का रे?’ दोन ध्रुव काउंटरच्या दोन बाजूंना.

तर आता जलरंग. हे माध्यम नेमकं काय आहे? घटक अगदी साधे. रंगद्रव्याची बारीक पूड, ती धरून ठेवायला डिंक, आणि पाणी. पाणी उडून जातं, डिंक पूड कागदाला चिकटवतो. बस. पण पारदर्शक जलरंगात एक अट असते, आणि सगळं सौंदर्यशास्त्र त्या अटीतून येतं. पांढरा रंग वापरायचा नाही. पांढरं म्हणजे कागद. प्रकाश हवा असेल तिथे रंग लावायचाच नाही. तैलरंगात चित्रकार शेवटी उजेड ठेवतो. जलरंगात उजेड आधीच तिथे असतो. तो मारायचा नाही, एवढंच चित्रकाराच्या हातात.

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ तुम्ही छापील स्वरूपात नक्की पाहिलं असेल, कॅलेंडरवर, नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड. कितीतरी लोक हे चित्र राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांवर हा अन्यायच. पण त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे बहुतेकांना ते तैलचित्र वाटतं. ते जलरंगातलं आहे. हळदणकरांनी 1940च्या दशकात आपल्याच मुलीला समोर उभं करून ते केलं. आता त्या बोटांकडे परत बघा. तो उजेड कुणी लावलेला नाही. भोवतीचा अंधार थरावर थर देत आणला, आणि बोटांपाशी येऊन हात आखडता घेतला. चित्रातली स्त्री जशी ज्योत सांभाळते तसा चित्रकार कागद सांभाळतो. हे आम्ही रूपक म्हणून सांगत नाही हो. तांत्रिकदृष्ट्या तिथे हेच घडलेलं आहे.

मर्ढेकर संवाद, विरोध आणि समतोल अशा लयींची भाषा करतात आणि प्रत्येक कलेनं आपल्या माध्यमाशी प्रामाणिक राहावं असा त्यांचा आग्रह असतो. त्यांच्या सिद्धांतावर आमचे जुने आक्षेप आहेत, ते आज नकोत. पण माध्यमाचा आग्रह जलरंगापुरता तरी अगदी बरोबर लागू पडतो.

आता दुकानाच्या फळीकडे परत या. तिथे काय असतं? शाळकरी पेटी. बारा वड्या, एक ब्रश, त्याचे केस पहिल्या आठवड्यात गळणारे. या पेटीत पांढरी वडी हमखास असते, काळीही असते. स्वस्त वड्यांमध्ये रंगद्रव्य कमी आणि भर घालणारी पूड जास्त, म्हणून रंग खडूसारखा बसतो. आता ज्या माध्यमाचा पहिला नियम ‘पांढरं म्हणजे कागद’, त्याची पहिली पेटीच पांढरा रंग हातात देते! मूल काय करणार? चुकलं की पांढरं फासणार, सावली हवी की काळं मिसळणार. तिसऱ्या मिनिटाला चिखल. आणि मग मोठी माणसं म्हणतात, ‘याला जलरंग जमत नाहीत.’ त्याला जलरंग मिळालेच कुठे?

कागदाचंही तेच. जलरंगाला कागद जाड लागतो, आणि त्याला खळ बरोबर बसलेली लागते, म्हणजे पाणी काही काळ वर राहतं आणि मग मुरतं. पातळ ड्रॉइंग पेपरवर पाणी टाकलं की तो फुगतो, रंग खळग्यांत साचतो. 300 ग्रॅमचा सुती कागद डहाणूच्या दुकानदारानं ठेवावा म्हटलं तर त्याचीही अडचण आहे. हा समुद्रकाठ. चार महिने हवा ओली. दमट जागी पडून राहिलेल्या कागदाची खळ मरते, आणि मग त्यावर रंग टीपकागदावर पसरावा तसा पसरतो, ठिपक्या ठिपक्यांनी आत जातो. गिऱ्हाईक म्हणतं कागद खोटा दिला. दुकानदारानं खोटा दिलेला नसतो, हवेनं खाल्लेला असतो. वड्यांवरही पावसाळ्यात बुरशी येते, डिंकच तो. जे दुकानदार हे ओळखून कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उंच फळीवर ठेवतात, थोडा थोडाच मागवतात, त्यांना माध्यमाचं ज्ञान आहे असं आम्ही म्हणतो. कुठल्याही कलासमीक्षकाइतकं आहे.

आणखी एक विसंगती सांगून ठेवतो. या भागाला रंग परके नाहीत. 1931 साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, त्यातून कॅमलिन झालं, पुढे चित्रकलेचे रंग आले. मराठी घरात उंटाची पेटी म्हणजे रंगपेटी, इतकं ते नाव रुळलं. 2011 साली त्यात जपानच्या कोकुयो कंपनीचा मोठा हिस्सा आला. तर या कंपनीचा एक कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, म्हणजे डहाणू रोडहून वाणगाव सोडलं की बोईसर, दुसरंच स्टेशन. रंग दोन स्टेशनांवर बनतात, आणि त्यातले चांगले रंग आपल्या फळीपर्यंत यायला मुंबई-पुण्याच्या मागणीची वाट बघावी लागते. यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. मागणी नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून मागणी नाही. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं, आणि दुकानात होणारं शिबिर तिथेच उपयोगी पडू शकतं. पडतं का, ते बघू.

प्रात्यक्षिक घेऊ. महाराष्ट्रात ही परंपरा मोठी आहे. चित्रकारानं लोकांसमोर उभं राहून व्यक्तिचित्र किंवा निसर्गचित्र करायचं, लोकांनी श्वास रोखून बघायचं. आम्हीही पुष्कळ पाहिली. त्यात आनंद असतो, नाही म्हणत नाही. एक ओला फटकारा मारला आणि होडी झाली, की टाळी पडतेच. आक्षेप वेगळा आहे. जलरंगातली सगळ्यात महत्त्वाची क्रिया म्हणजे थांबणं. पहिला थर किती वाळला, अजून ओल आहे का, कागदावरची चकाकी गेली का, हे बघत बसणं. आणि प्रात्यक्षिकात नेमकं हेच कापलं जातं. कारण प्रेक्षक बसलेले असतात, वेळ ठरलेली असते. मग केस वाळवायचं यंत्र निघतं, घुर्रर्र करून कागद कोरडा. मुलं घरी काय घेऊन जातात? वेग. त्यांना वाटतं, जलरंग म्हणजे झटकन करायची हातचलाखी. आणि डहाणूत जुलै महिन्यात घरी बसून तेच करायला गेलं की पहिला थर अर्धा तास वाळतच नाही, दुसरा त्यात मिसळून जातो, फुलकोबीसारखे डाग पडतात. पुन्हा तोच निष्कर्ष, ‘आपल्याला जमत नाही.’

कॉलिंगवुडनं 1938 साली ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मध्ये कारागिरी आणि कला यांत एक भेद केला. कारागिराला शेवटी काय हवं ते आधी ठाऊक असतं. सुताराला टेबल किती फुटांचं ते माहीत असतं. कलावंताला मात्र आपल्याला काय म्हणायचं होतं ते करता करता कळतं. हा भेद इतका स्वच्छ नाही, सुतारांवर तर तो सरळ अन्यायच आहे. पण आपल्या प्रश्नाला तो कामाचा. बहुतेक शिबिरांत शेवटचं चित्र आधीच फळ्यावर टांगलेलं असतं. सूर्यास्त, नारळ, होडी. वीस मुलं, वीस सूर्यास्त. आता गंमत बघा. बाहेर पाच मिनिटांवर खराखुरा किनारा आहे, ओहोटीला लांबवर उघडी पडणारी राखाडी वाळू आहे, चिकूच्या वाड्या आहेत, त्यांच्या पानांचा तो जड, काळपट हिरवा रंग आहे, जो कुठल्याही पेटीतल्या हिरव्यात नाही, तो मिसळूनच करावा लागतो. आणि मुलं सतरंजीवर बसून कुणाच्या तरी आठवणीतला नारळ काढतायत.

स्पर्धांबद्दल थोडक्यातच बोलतो. दोन तासांत पूर्ण चित्र, कागदभर रंग, मोकळी जागा दिसली तर गुण कमी. अशा नियमात मूल अपारदर्शक पोस्टर रंगाकडेच जाणार. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी मराठी मुलांच्या हातात ब्रश दिला, खेड्यापाड्यांत चित्रकलेला काही एक प्रतिष्ठा दिली, हे मोठं काम. पण पुढे दहावीच्या वाढीव गुणांचं गणित त्यात शिरलं आणि दुकानातली जमवाजमवही परीक्षेच्या तारखांभोवती फिरू लागली. हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे जाऊ.

कारण खरा प्रश्न आता येतो. डहाणू, तलासरी म्हटलं की चित्रकलेचा विषय निघायच्या आधीच लोक म्हणतात, ‘वारली!’ आणि बरोबरच आहे. पण दुकानात या शब्दाचं काय होतं ते बघा. वारली किट. गेरूच्या रंगाचा कापड-तुकडा किंवा पुठ्ठा, पांढऱ्या रंगाची बाटली, छापील नमुने. त्रिकोणाला त्रिकोण जोडा, माणूस तयार. शहरातून आलेली मुलं हे ‘हस्तकला’ म्हणून करतात. आणि पाड्यावरची मुलं शिबिराला आलीच, तर त्यांना सांगितलं जातं, ‘तू वारली काढ.’ सूर्यास्त इतरांना, वारली यांना. आम्ही हे निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. हेतू प्रेमाचा असतो. पण परिणाम काय? एका मुलाला सगळं जग विषय म्हणून मोकळं, आणि दुसऱ्याला त्याची जातच विषय म्हणून दिलेली.

इतिहास काय सांगतो? मूळ वारली चित्र घरातल्या भिंतीवर. शेणामातीची, गेरूची भिंत. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाच्या वेळी सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघाट देवी, आणि धवलेरी गाते. ‘लिहितात’ हा शब्द लक्षात ठेवा. ते विकायचं नव्हतं, टिकवायचंही नव्हतं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांपर्यंत कागद नेण्याच्या कामात ते होते. त्यांनी इथेही कागद आणला. आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर काढू लागले. बायकांच्या विधीतलं चित्र एका पुरुषाच्या हाती, रोजच्या कामात आलं. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 1989 साली पॅरिसचं ‘मॅजिशियन्स द ला तेर’ प्रदर्शन, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले.

या गोष्टीकडे सहसा ‘आदिवासी कलेचा शोध’ म्हणून बघितलं जातं. आम्हाला ती साहित्याच्या पुरवठ्याची गोष्टही वाटते. कुणीतरी कागद दिला, आणि काय काढायचं ते सांगितलं नाही. मशे यांनी मग जे केलं ते चौकाची नक्कल नव्हतं. मासेमारीचं जाळं घ्या. बारीक रेघांनी विणत विणत सगळा कागद व्यापणारं जाळं. विधीच्या भिंतीवरून निघालेली रेघ इथे स्वतःच्या मर्जीनं चाललेली आहे. कॉलिंगवुड म्हणतो ते हेच, करता करता कळणं. किटमध्ये नेमकी हीच शक्यता बंद केलेली असते.

आणि आता एक गोष्ट, जी आम्हाला या विषयावर विचार करता करता फार मोलाची वाटू लागली. तांदळाचं पीठ आणि पाणी, धरून ठेवायला डिंक. हे काय झालं? जलरंगच झाला की! साहित्याच्या दृष्टीनं वारली चित्र आणि हळदणकरांचं चित्र एकाच कुळातलं. फरक प्रकाशाच्या व्यवहारात आहे. हळदणकर पांढऱ्या कागदावर अंधार आणतात आणि पांढरं राखतात. वारली सवाशीण अंधाऱ्या भिंतीवर पांढरं आणते. एकीकडे उजेड सोडायचा, दुसरीकडे उजेड मांडायचा. एकीकडे थांबून थर द्यायचे, दुसरीकडे रेघ एकदा उठली की उठली, पुसणं नाही. हे दोन्ही एका मुलाला एकाच सकाळी करायला मिळालं, तर पांढरा रंग म्हणजे काय याबद्दल त्याला जे समजेल ते आमच्या वर्गात एम.ए.च्या मुलांना सहा महिन्यांत समजत नसे.

म्हणजे शिबिरात ‘जलरंगाचा गट’ आणि ‘वारलीचा गट’ असे दोन गट पाडणं ही नुसती सामाजिक चूक नाही, ती सौंदर्यशास्त्रीय चूकही आहे. दोन्ही गटांचं त्यात नुकसान आहे. सूर्यास्तवाल्यांना रेघेची जोखीम कधी कळत नाही. आणि पाड्यावरच्या मुलीला खाडीच्या पाण्याचा रंग मिसळून बघायची संधीच मिळत नाही. ती खाडी तिचीही आहे ना?

कुणी म्हणेल, दुकानदारानं एवढं सगळं कुठे बघायचं, त्याला धंदा आहे. मान्य. पण याच तालुक्यात एक मोठा धडा आहे. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या, 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ सोबत. माँटेसरीची साधनं महाग. ती इथे परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शिक्षण थांबवलं नाही, की स्वस्त, निकस नक्कलही आणली नाही. शिंपले, पानं, बिया, माती, आजूबाजूला जे आहे त्यातून साधनं केली. यात काटकसर आहेच. पण ‘साधन कशासाठी’ हा प्रश्न आधी विचारलेला आहे, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. जलरंगाला हाच प्रश्न विचारा. बारा वड्यांची पेटी कशाला? तीन रंग, लाल, पिवळा, निळा, पण जरा बरे. त्यांच्या नळ्या दुकानदारानं एकदा आणाव्यात आणि सगळ्यांनी टेबलावर मध्ये ठेवून वापराव्यात. चांगल्या कागदाचा एकच मोठा ताव, त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे. एक मूल, एक तुकडा. खर्च त्या गळक्या ब्रशाच्या पेटीपेक्षा फार जाईल असं आम्हाला वाटत नाही, आणि दुकानदाराचा मरणारा कागदही पावसाळ्याआधी संपेल.

समाज, समुदाय हे शब्द आपण फार सैल वापरतो. वीस माणसं एका सतरंजीवर बसली म्हणजे समुदाय झाला असं नाही. गाडीच्या डब्यातही बसतात. एकमेकांच्या कामाकडे बघायची, त्यावर बोलायची काही सवय लागली तर समुदाय. आणि ती सवय, आमचा अनुभव असा, शिबिरापेक्षा दुकानाच्या काउंटरवर जास्त दिसते. एखादे निवृत्त ड्रॉइंग मास्तर ब्रश घ्यायला येतात, तिथं उभा असलेला मुलगा वही उघडून दाखवतो, मास्तर म्हणतात, ‘हे आभाळ बरं आहे, पण झाडाखाली सावलीत काळा का घातलास? निळा आणि तांबडा मिसळ.’ दोन मिनिटांचं संभाषण. याला ना बॅनर, ना प्रमाणपत्र. दुकानदारानं काउंटरवर रंग तपासायला एक कागदाचा तुकडा आणि पाण्याचा पेला ठेवला, तर यातून बरंच होईल. पेन चालवून बघायला ठेवतात ना कागद? तसाच.

एक शेवटचा मुद्दा, तो जरा घाईचा आहे. 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. 30 ऑगस्ट 2024ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवं की नको यावर इथे घराघरांत दोन मतं आहेत, ती आम्ही इथून सोडवणार नाही. पण किनारा बदलणार, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. या किनाऱ्याची छायाचित्रं लाखांनी निघतील. त्याच्याकडे तासभर बसून, ओहोटीचा राखाडी नेमका कोणता ते मिसळून बघत केलेली चित्रं किती आहेत? कोळीवाड्यातल्या मुलांनी केलेली? पाड्यावरून बाजाराला येणाऱ्या मुलींनी केलेली? पुढची रविवारची शिबिरं ठरवणाऱ्यांनी सतरंजी दुकानाबाहेर काढून किनाऱ्यावर घातली तर बरं. सकाळी साडेसातच्या आत, नंतर कागदावरची चकाकी डोळ्यांत जाते आणि रंग दिसत नाहीत.

आता प्रश्न घेऊ. मागून एक चिठ्ठी आली आहे, ‘सर, सुरुवातीला ब्रश कोणता घ्यावा?’ एकच घ्या, गोल, आठ किंवा दहा नंबरचा, टोक येणारा. दुकानात पाण्यात बुडवून, झटकून बघा. टोक आलं तर घ्या. दुकानदार बुडवू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.